तोफगोळ्याची वाट

उडालेला तोफगोळा कोठे पडेल, हा प्रश्न सोळाव्या शतकातील इटलीत गोलंदाजांना जितका छळीत होता तितकाच पंडितांनाही. 1537 मध्ये निकोलो तार्तालियाने व्हेनिस येथे ‘नोव्हा सायंटिया’ हा ग्रंथ छापला आणि 45 अंशांच्या कोनात गोळा सर्वांत दूर जातो असे सांगितले. हवेचा अडथळा वगळला तर उत्तर अचूक होते. पण मार्गाचे त्याचे चित्र चुकीचे होते: आधी सरळ रेषा, मग वर्तुळाची कमान, शेवटी सरळ खाली.

खरे चित्र सापडले ते रणांगणावर नव्हे, मेजावर. पादुआ येथे 1608 च्या सुमारास गॅलिलिओने उतरत्या पन्हळीतून एक गोळी सोडली. मेजाच्या कडेशी ती आडवी होऊन निसटे आणि जमिनीवर पडे. मेज 828 ‘पुंती’, म्हणजे सुमारे 78 सेंटिमीटर उंच होते. गोळी 300 पुंती उंचीवरून सोडली तेव्हा ती 800 पुंती दूर पडली. उंची दुप्पट केल्यावर गणिताने अंतर 1131 यावयास हवे होते. मोजले तेव्हा 1172 भरले. हा फरक त्याने प्रामाणिकपणे टिपून ठेवला. तो कागद मात्र 1973 पर्यंत अप्रकाशितच राहिला.

आज विद्यार्थी ज्या रीतीने उदाहरणे सोडवितात तिचे मूळ येथे आहे. गोळीची गती एक नव्हे, दोन आहेत. आडवी गती बदलत नाही. उभी गती पडणाऱ्या दगडासारखी वाढत जाते. आणि एकीला दुसरीची दादही नसते. त्या मेजावरून गोळी हळू निसटो वा वेगाने, जमीन गाठावयास तिला सुमारे 0.4 सेकंदच लागतात. या काळाला आडव्या वेगाने गुणले की अंतर मिळते. दोन्ही गती एकत्र केल्या की मार्ग अन्वस्त होतो.

एवढे हाती असूनही गॅलिलिओने ते छापले नाही. 1632 मध्ये बोलोन्याच्या बोनाव्हेंतुरा काव्हालिएरीने आपल्या पुस्तकात अन्वस्त मार्ग प्रसिद्ध केला, तेव्हा म्हातारा दुखावला. चाळीस वर्षांच्या श्रमांचे फळ दुसऱ्याने तोडले, असे त्याला वाटले. काव्हालिएरी त्याला गुरू मानी. त्याने क्षमा मागितली व सर्व प्रती जाळण्याची तयारी दाखविली. चूक खरे तर विलंबाचीच होती.

अखेर 1638 मध्ये, नजरकैदेत असताना, गॅलिलिओचा ग्रंथ हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला. 45 अंशांच्या वर आणि खाली सारख्याच फरकाने मारलेले गोळे सारखेच दूर जातात, हे त्यात सिद्ध केलेले होते. प्रत्येक अंशाची कोष्टकेही होती. ग्रंथ हाती आला तेव्हा त्याची दृष्टी पूर्णपणे गेलेली होती.