कर्जत-खालापुरातील बालाहार : आचाराचा शाकाहार आणि अभावाचा शाकाहार

आहाराचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा जातिधर्मांच्या खाद्याखाद्य-विचारापासून आरंभ करण्यात येतो. अमुक समाज शाकाहारी, अमुक समाज मांसाहारी, अशी नोंद झाली की प्रकरण संपले असे मानण्याचा प्रघात आहे. प्रौढांच्या आचारधर्मापुरती ही नोंद पुरेशी असेलही. परंतु मुलांच्या पोषणाचा विचार करू लागताच ती अपुरी पडते. मुलाच्या ताटात काय वर्ज्य होते याहून, वर्ज्य पदार्थाच्या जागी काय होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या घाटपायथ्याच्या दोन तालुक्यांच्या आधारे हा प्रश्न तपासून पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम साधनांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला. या कुलाब्याचेच नाव १९८१ मध्ये रायगड झाले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील कर्जतची माहिती शोधणाऱ्या अभ्यासकाने कुलाब्याचा १८८३ चा गॅझेटियर पाहून थांबू नये. ठाण्याचा १८८२ चा खंड पाहावा. या जुन्या लेखनात कातकऱ्यांच्या आहाराचे वर्णन करताना उंदीर-घुशींचा उल्लेख आवर्जून येतो. लेखकाला जे विलक्षण वाटले ते त्याने ठळकपणे टिपले, हे स्वाभाविकच होय. परंतु अशा यादीवरून रोजच्या जेवणाची कल्पना येत नाही. शिकार आणि मासळी ही प्रसंगाने मिळणारी वस्तू होती. एरवी ठाकूर, कातकरी व भूमिहीन कुणबी यांच्या मुलांचे पोट तांदळाच्या पेजेवर, नाचणी-वरीच्या भाकरीवर, रानभाज्यांवर आणि कंदांवरच भरत असे. पदार्थांची गणना केली तर वर्षातील बहुतेक दिवस ही मुले शाकाहारीच होती.

त्याच गावांत वा शेजारच्या बाजारपेठांत शाकाहाराने वाढणारी दुसरीही मुले होती. ब्राह्मण कुटुंबे व व्यापारानिमित्त आलेले गुजर-मारवाडी हे या वर्गातील प्रमुख होत. पांढरपेशांतील कायस्थ प्रभूंना मासळी वर्ज्य नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ब्राह्मण घरातील मुलास उष्टावणानंतर मऊ भात, वरण, तूप, पुढे दूध, ताक, मेतकूट असे क्रमाक्रमाने मिळत जाई. या दोहोंच्या मध्ये तिसरा वर्ग होता तो माळकऱ्यांचा. वारकरी संप्रदायाची तुळशीची माळ घातलेल्या कुणबी वा आगरी माणसाने मांस-मासळी सोडली, तरी घरातील सर्वांनी ती सोडलीच असे नसे. म्हणून एकाच घरातील मुलांना दोन्ही आहारांचा परिचय होई.

याप्रमाणे आचाराचा, व्रताचा आणि अभावाचा असे शाकाहाराचे तीन प्रकार या प्रदेशात एकाच काळी नांदत होते. त्यांतील भेद वर्ज्य पदार्थांनी पडलेला नाही. तो दुभते, डाळ आणि स्निग्ध पदार्थ यांच्या उपलब्धतेने पडलेला आहे. ज्याच्या गोठ्यात जनावर आणि कोठीत डाळ होती, त्याच्या मुलाचा मांसावाचून खोळंबा झाला नाही. ज्याच्याजवळ ही दोन्ही नव्हती, त्याच्या मुलाला ओढ्यातील मूठभर मासळीचा आधार फार मोठा होता.

या भेदाच्या मुळाशी जमीन आहे. खाचरांत भात, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, आणि भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल, असा येथील पिकांचा क्रम आहे. म्हणजे या भागातील महत्त्वाचे द्विदल धान्य जे वाल, ते भातखाचर असणाऱ्यालाच पिकविता येई. केवळ वरकस वा दळीची जमीन कसणाऱ्याच्या वाट्याला प्रामुख्याने नाचणी-वरीच राही. नाचणी हे काही निकृष्ट धान्य नव्हे. तिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि वजनास वजन घेतले तर ते गाईच्या दुधातील प्रमाणाच्या दुपटीहून जास्त भरते. परंतु आषाढापासून भाद्रपदापर्यंत ही कणगीही रिकामी होई. त्या महिन्यांत सावकाराकडून खावटी आणावी आणि सुगीला ती वाढीसह फेडावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. हुतात्मा भाई कोटवाल यांनी धान्यकोठाराची योजना हाती घेतली, आणि पुढील काळात कशेळे येथील अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने धान्यपेढ्यांचे कार्य केले. या दोन्ही प्रयत्नांचा रोख याच भुकेच्या महिन्यांवर होता.

या महिन्यांत अरण्य हेच मुलांचे कोठार बने. पावसाच्या आरंभी शेवळे, मागाहून टाकळा, कुर्डू, भारंगी अशा भाज्या मिळत. शेवळ्याची खाज काकडाच्या आंबट फळाने मारावी, कडू कंदाचे काप वाहत्या पाण्यात ठेवून मग शिजवावेत, हे ज्ञान बायकांच्या हाती होते. पहिल्या पावसात वलगणीचे मासे खाचरांत चढत आणि बांधांवर मुठे सापडत; मुलांना मिळणाऱ्या प्राणिज अन्नाचा हा मुख्य हंगाम. १८७८ च्या वनकायद्यानंतर निर्माण झालेल्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांकरिता १८८५ मध्ये मुंबई सरकारने वनआयोग नेमला. त्या वादाचा इतिहास बहुधा राबासाठी लागणारा पाला आणि इमारती लाकूड यांभोवती लिहिला जातो. अरण्यावरील निर्बंध हे मुलांच्या अन्नावरील निर्बंधही होते, ही बाजू स्वतंत्र अभ्यासाची वाट पाहत आहे. दुसरीकडे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत लोहमार्ग आला आणि हा प्रदेश मुंबईच्या बाजारास जोडला गेला. उत्तर कोकणातील वरकस जमिनींवरचे गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जाऊ लागले. त्या गवताचे दूध मात्र शहरातील मुलांच्या वाट्यास आले.

पोषणशास्त्रातील एका महत्त्वाच्या वादाशी या इतिहासाचा निकटचा संबंध आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतीय बालकांत प्रथिनांचीच मोठी तूट आहे, असे मत प्रबळ होते. हैदराबादचे डॉ. गोपालन यांनी १९६८ मध्ये, आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९७० मध्ये, त्यास आक्षेप घेतला. धान्य व डाळ यांचा आहार पुरेशा प्रमाणात मिळाला तर प्रथिनेही बहुधा पुरतात. खरी उणीव एकूण अन्नाची, म्हणजे उष्मांकांची आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. सुखात्मे यांच्या पुढील काही निष्कर्षांवर तीव्र मतभेद झाले. तथापि मूळ मुद्दा कर्जतच्या पेजेला तंतोतंत लागू पडतो. लहान मुलाचे पोट लहान असते. पातळ पेजेने ते भरते, पण उष्मांक थोडेच मिळतात. मऊ भातावरील तुपाची धार ही म्हणूनच केवळ चवीची वा संपन्नतेची खूण नव्हे. तिच्यामुळे त्याच घासातील उष्मांक वाढतात. मात्र पोट भरल्याने सर्वच उणिवा भरून निघत नाहीत. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नातून भरवशाने मिळत नाही. शाकाहारी कुटुंबात ते मुख्यतः दुधातूनच येते. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात मातेच्या आहारातील दूध, पालेभाज्या व फळे यांचा नवजात बालकाच्या आकारमानाशी संबंध आढळून आला, तोही याच दिशेने बोट दाखवितो.

हा विषय केवळ गतकाळाचा नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरविले. अंडे न खाणाऱ्या मुलास केळे द्यावे, अशी तरतूद केली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी मिळणारा शासकीय निधी थांबविण्यात आला. या निर्णयांवरील चर्चेत आचाराची भाषा पुष्कळ आली. प्रत्येक कुटुंबाच्या आचाराचा आदर राखला जावा, यात दुमत नाही. परंतु एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि केळ्यात जेमतेम १ ग्रॅम. आचाराने शाकाहारी असणाऱ्या घरांनी मांसाची जागा पिढ्यान्‌पिढ्या दूध, डाळ आणि तूप यांनी भरून काढली होती; केळ्याने नव्हे. त्या घरांचा आदर्श पुढे करावयाचा असेल, तर तो संपूर्ण ताटासह पुढे केला पाहिजे.

पदव्युत्तर संशोधकांस येथे विस्तृत क्षेत्र उपलब्ध आहे. अंगणवाड्यांतील वजनांच्या नोंदी, गावोगावची पीकपाहणी, वनविभागाचे जुने दप्तर आणि वयोवृद्ध स्त्रियांच्या स्मृती यांची परस्परांशी सांगड घातल्यास, कोणत्या महिन्यात कोणत्या घरातील मूल काय खात होते, हे बऱ्याच अंशी सांगता येईल. तसे झाल्यास ‘शाकाहारी’ हा शब्द जातीच्या वर्णनातून सुटून इतिहासाच्या कक्षेत येईल, आणि ज्या मुलांनी शाकाहार स्वीकारला नव्हता, ज्यांच्यावर तो येऊन पडला होता, त्यांचीही नोंद होईल.