पायावरची रेघ

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे बायपास झालेला माणूस सदऱ्याच्या वरच्या गुंडीपाशी दिसणाऱ्या उभ्या रेघेवरून ओळखू येतो. पुष्कळदा घोट्यापासून वर गेलेली दुसरी रेघही असते. पहिली रेघ हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी पाडलेली. दुसऱ्या रेघेतून जोडकामासाठी नीला काढलेली. या दुसऱ्या रेघेला इतिहास आहे.

२५ फेब्रुवारी १९६४ रोजी लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी छातीच्या आतली रोहिणी हृदयाच्या रोहिणीला टाक्यांनी जोडली. पाश्चात्त्य जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. १९६७ मध्ये क्लीव्हलँडला रेने फावालोरो यांनी पायाची नीला वापरली. हे गृहस्थ अर्जेंटिनातल्या एका खेड्यात बारा वर्षे डॉक्टरकी करून आलेले. नीला लांब, काढायला सोपी. तीच रीत जगभर पसरली. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज ग्रीन यांनी छातीची रोहिणी पुन्हा वापरली, पण ते काम नाजूक आणि वेळखाऊ. १९७५ मध्ये मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात के. एम. चेरियन यांनी भारतातली पहिली बायपास केली.

फरक कळायला दहा वर्षे जावी लागली. नीलेला कमी दाबाची सवय; रोहिणीचा दाब सोसताना तिची भिंत जाड होत जाते. दहा वर्षांत साधारण निम्म्या नीला बंद पडतात किंवा खराब होतात. छातीची डावी रोहिणी मात्र दहातल्या नऊ जणांत वाहती राहते. १९८६ मध्ये क्लीव्हलँडच्याच फ्लॉइड लूप यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला : फक्त नीला जोडलेल्यांत मृत्यूचा धोका १.६ पट. तेव्हापासून हृदयाच्या पुढच्या मुख्य रोहिणीला छातीची डावी रोहिणी जोडणे हा शिरस्ता झाला. बाकीच्या जोडांना बहुधा नीलाच.

मग छातीच्या दोन्ही रोहिण्या का वापरू नयेत? भारतासह सात देशांतल्या ३,१०२ रुग्णांवर हे तपासले गेले. २०१९ मध्ये निष्कर्ष आला : दहा वर्षांनी जगण्यात ठळक फरक नाही. शिवाय दोन्ही काढल्या तर मधुमेही माणसात छातीचे हाड नीट न जुळण्याची भीती. मनगटाची रोहिणी नीलेपेक्षा जास्त टिकते. पण ती काढण्याआधी हाताचा रक्तपुरवठा दुसऱ्या रोहिणीवर भागेल का, हे पाहावे लागते. हळद काढणाऱ्या हाताच्या बाबतीत ही तपासणी औपचारिकता नव्हे.

१९९७ च्या जीवनदायी योजनेने आणि पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजनेने गरिबांच्या बायपासचा खर्च उचलला. हिंगोलीचा माणूस नांदेड, संभाजीनगर, मुंबई गाठू लागला.  जोडाचा हिशेब शस्त्रक्रियेपासून सुरू होतो. रुग्णालयातून सुटताना मिळणाऱ्या कागदावर ‘लिमा’ म्हणजे छातीची डावी रोहिणी, ‘एसव्हीजी’ म्हणजे पायाची नीला. दहा वर्षांनी छातीत पुन्हा कळ आली, तर नवा डॉक्टर आधी हाच कागद मागेल. सातबाऱ्याच्या पिशवीत तोही ठेवावा.