अ‍ॅक्सोलोटलच्या पिल्लासाठी निर्मळ पाणी

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडील सोचिमिल्कोच्या थंड, संथ कालव्यांत आढळणारा अ‍ॅक्सोलोटल हा उभयचर प्राणी आयुष्यभर पाण्यातच राहतो. त्याचे पिसांसारखे कल्ले प्रौढपणीही डोक्याबाहेरच असतात. प्रदूषणामुळे आणि बाहेरून आणून सोडलेल्या कार्प व तिलापिया माशांमुळे मूळ अधिवासात तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. प्रयोगशाळांत आणि हौशी लोकांच्या टाक्यांत मात्र त्याची पैदास होते.

संथ पाण्याच्या या प्राण्याला फिल्टरचा जोरदार प्रवाह मानवत नाही. कल्ले पुढे वळले, खाणे मंदावले, की ताण आला असे समजावे. लहान पिल्लाला हा त्रास अधिकच होतो. मात्र फिल्टर काढला तरी त्याचे काम उरतेच. ते पाळणाऱ्याला स्वतः करावे लागते.

न दिसणारे विष

विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत या जिवाणूंची वाढ होण्यास काही आठवडे लागतात. तोवर नितळ दिसणारे पाणीही घातक ठरू शकते. म्हणून चाचणी संच जवळ हवाच. अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावे.

रोजची निगा

पिल्लू लहान टबमध्ये ठेवून दररोज सर्व पाणी बदलणे, हा सोपा मार्ग. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि क्लोरिनमुक्त असावे. पाणी रात्रभर उघडे ठेवल्यास क्लोरिन उडून जातो, क्लोरामाइन मात्र जात नाही. त्यासाठी क्लोरिननाशक द्रव्य वापरावे. आर्टेमियाची पिल्ले किंवा डाफ्निया खाऊ घातल्यावर उरलेले अन्न ड्रॉपरने काढून टाकावे. पुढे मोठ्या टाकीत हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, म्हणजे जिवाणू टिकतात.

पाण्याचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस उत्तम. २४ अंशांवर धोका वाढतो. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अमोनिया अधिक विषारी होतो. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी थंड राखणाऱ्या यंत्राची सोय नसेल, तर पिल्लू घरी न आणणेच त्याच्या हिताचे.