मार्गारेट ओ'कॅरॉल : दुष्काळातील अन्नदात्री

पंधराव्या शतकातील आयर्लंडचा इतिहास म्हणजे चढाया, लूट आणि ओलीस ठेवलेल्या माणसांचा इतिहास. त्या धामधुमीची नोंद ठेवणाऱ्या बखरकारांनी एका स्त्रीच्या अन्नदानासाठी आपली लेखणी आवर्जून झिजवावी, ही बाब लक्षणीय आहे.

मार्गारेट ही एलीचा अधिपती टाइग ओ'कॅरॉल याची कन्या. १४०७ साली कॅलन येथे इंग्रजांकडून तो मारला गेला. तिचा विवाह ऑफलीचा अधिपती कालवाख ओ'कॉनर याच्याशी झाला. त्याचेही आयुष्य इंग्रजांशी लढण्यात गेले.

१४३३ हे वर्ष दुष्काळाचे. त्या उन्हाळ्यात भुकेपायी माणूस माणसाला ओळखेनासा झाला. त्याच वर्षी मार्गारेटने दोनदा सर्वांना भोजनाचे निमंत्रण दिले. पहिली पंगत २६ मार्चला किली येथे झाली. जे राहिले, त्यांच्यासाठी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला रॅथँगन येथे दुसरी झाली. किलीच्या यादीत कवी, वादक व विद्वान मिळून २,७०० जण होते. सोनेरी वस्त्र ल्यालेल्या मार्गारेटने वेदीवर सोन्याचे दोन चषक अर्पण केले आणि दोन अनाथ बालके संगोपनासाठी घेतली. कोणी विन्मुख जाऊ नये म्हणून कालवाख स्वतः घोड्यावरून देखरेख करीत होता.

तिने रस्ते, पूल व ख्रिस्तमंदिरे बांधली, मिस्साग्रंथ करवून घेतले. १४४५ मध्ये तिने स्पेनमधील संत याकोबाच्या कबरस्थानाची यात्रा केली. आपल्या बाजूची माणसे इंग्रजांच्या कैदेत पडली, तेव्हा ती ट्रिमला गेली आणि पतीला न विचारता सारे इंग्रज कैदी देऊन त्यांना सोडवून आणले.

तिची कन्या फिनोला दोनदा विधवा झाली आणि १४४७ साली किलीच्या मठात दाखल झाली. १४५१ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मार्गारेटचे निधन झाले. तिचा पुत्र फेलिम कुष्ठरोगी होता. मायलेकरांच्या मृत्यूंत जेमतेम एका रात्रीचे अंतर पडले. बखरकाराने तिच्या आत्म्यासाठी सर्व संतांचे आशीर्वाद मागितले आणि तिचा जीव घेणाऱ्या व्रणाला शाप दिला. कोरड्या सनावळीत असा आक्रोश विरळाच.

सोळाव्या शतकात इंग्रजांनी ओ'कॉनरांची भूमी हिरावून घेतली. तलवारीने राखलेले गेले. दोन पंगतींची आठवण मात्र उरली.