अतिजलद लेसर सूक्ष्मयंत्रणातील अवशिष्ट प्रतिबल

बाह्य बल काढून घेतल्यानंतरही पदार्थाच्या अंतर्भागात टिकून राहणाऱ्या ताणास अवशिष्ट प्रतिबल म्हणतात. सिलिकॉन, नीलमणी, हिरा यांसारखे स्फटिक अतिजलद लेसराने कापताना, छेदताना किंवा कोरताना असे प्रतिबल निर्माण होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या ताणावर तयार भागाचे बळ आणि आयुष्य अवलंबून असते.

पार्श्वभूमी

अतिजलद लेसराचा स्पंद काही फेम्टोसेकंद ते काही पिकोसेकंद टिकतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग होय. १०० फेम्टोसेकंदांत प्रकाश निर्वातात अवघे ०.०३ मिलिमीटर अंतर कापतो. असे तीव्र स्पंद मिळवण्याची पद्धत जेरार मुरू व डॉना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये मांडली. त्यासाठी त्यांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

स्पंदाची ऊर्जा प्रथम इलेक्ट्रॉन शोषतात आणि काही पिकोसेकंदांनी ती स्फटिकजालकास मिळते. उष्णता पसरण्यापूर्वीच पदार्थ उडून जात असल्याने या प्रक्रियेस ‘शीत यंत्रण’ म्हटले जाते. तथापि ती प्रतिबलमुक्त नसते.

कारणे

* औष्णिक : वितळलेला पातळ थर निवताना आकुंचन पावू पाहतो; खालचा थंड भाग त्यास अडवतो. त्यामुळे थरात ओढताण राहू शकतो.
* यांत्रिक : वेगाने बाहेर पडणाऱ्या बाष्पाच्या प्रतिक्रियेने आघात तरंग निर्माण होतो व जालकात दोष उत्पन्न होतात.
* संरचनात्मक : हिऱ्याचे ग्रॅफाइट झाल्यास घनता सुमारे ३.५ वरून २.२ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर होते. आकारमान वाढल्याने सभोवतालचा हिरा दाबला जातो.

स्पंद फार लवकर एकामागून एक आल्यास उष्णता साचत जाते.

मापन

क्ष-किरण विवर्तनाने अणुप्रतलांमधील अंतराचा बदल मोजतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला रामन परिणामही येथे उपयोगी पडतो. प्रतिबलरहित सिलिकॉनची रामन रेषा दर सेंटीमीटरला सुमारे ५२०.७ तरंग इतक्या तरंगांकावर आढळते. दाबामुळे ती वरच्या, तर ओढीमुळे खालच्या तरंगांकाकडे सरकते.

परिणाम व उपयोग

ओढताणामुळे सूक्ष्म तडे वाढतात आणि पातळ चकत्या वाकतात. हेच प्रतिबल उपयोगीही ठरते. स्फटिकात लेसराने दोन समांतर रेघा कोरल्यास त्यांच्यामधील ताणग्रस्त भागाचा अपवर्तनांक बदलतो व तेथून प्रकाश वाहून नेता येतो. अशा मार्गास तरंगमार्गदर्शक म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फेम्टोसेकंद लेसराने काचेत तरंगमार्गदर्शक कोरण्याचे संशोधन झाले आहे.

नियंत्रण

स्पंदाची ऊर्जा पदार्थ उडवण्यास लागणाऱ्या किमान मर्यादेच्या जवळ ठेवणे, दोन स्पंदांमधील अवधी योग्य राखणे, नंतर मंद तापवून हळूहळू निववणे आणि बाधित थर रसायनाने काढून टाकणे हे प्रमुख उपाय होत.