शरीरघटन आणि रासायनी चिकित्सा (आतड्याच्या कर्करोगातील)

बृहदांत्र व गुदाशय यांच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या कोशिकामारक औषधांची मात्रा रुग्णाची उंची व वजन यांवरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळानुसार ठरविण्याचा प्रघात आहे. वजनात स्नायू किती व मेद किती, म्हणजेच शरीराचे घटन कसे आहे, याची दखल या गणितात घेतली जात नाही. एकच औषध एका रुग्णाला सहज सोसते व तितक्याच वजनाच्या दुसऱ्याच्या जिवावर बेतते, याची जी कारणे आता ज्ञात आहेत, त्यांपैकी हे एक होय.

पृष्ठफळाचे सूत्र कर्करोगासाठी रचलेले नव्हते. डेलाफील्ड द्यू ब्वा व यूजीन द्यू ब्वा यांनी चयापचयाच्या अभ्यासासाठी ते १९१६ मध्ये मांडले आणि त्याचा आधार अवघ्या नऊ व्यक्तींची मापे हा होता. १९५८ मध्ये डोनल्ड पिंकेल यांनी कर्करोगावरील औषधांची मात्रा पृष्ठफळानुसार मोजल्यास प्राणी, बालके व प्रौढ यांच्या मात्रांत मेळ बसतो, असे दाखविले. उंदरांवर तपासलेले औषध माणसाला प्रथम किती द्यावे, या प्रश्नाचे हे सोयीचे उत्तर होते. परंतु दोन भिन्न जातींच्या प्राण्यांत उपयोगी पडणारे माप दोन माणसांतील फरकही अचूक दाखवील, असे मानण्यास फारसा आधार नव्हता. सोय मात्र रूढीत बदलली व ती आजही टिकून आहे.

आतड्याच्या कर्करोगावरील प्रमुख औषध ५-फ्ल्युओरोयुरॅसिल हे चार्ल्स हायडेलबर्गर व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार केले व १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ल्यूकोव्होरिनच्या जोडीने ते अधिक परिणामकारक ठरले. जपानमध्ये योशिनोरी किदानी यांनी १९७६ मध्ये संश्लेषित केलेल्या ऑक्झॅलिप्लॅटिनची त्यात भर पडल्यावर शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचे प्रमाण घटते, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखविले. ही औषधे झपाट्याने विभागणाऱ्या कोशिकांवर आघात करतात. त्यामुळे अर्बुदाबरोबर तोंडाची व आतड्याची श्लेष्मकला आणि अस्थिमज्जा यांनाही इजा पोहोचते. तोंड येणे, जुलाब, श्वेतकोशिका घटणे, तळहात व तळपाय सोलवटणे हे त्याचे परिणाम होत. ऑक्झॅलिप्लॅटिनमुळे हातापायांना मुंग्या येतात व गार पाण्याचा स्पर्शही सोसवत नाही.

५-फ्ल्युओरोयुरॅसिल मेदात फारसे उतरत नाही; ते मुख्यतः शरीरातील जलांशात पसरते आणि त्याचे विघटन बहुतांशी यकृतात होते. म्हणून औषध सामावून घेण्याची व निकालात काढण्याची शरीराची क्षमता मेदरहित वस्तुमानाशी अधिक निगडित असावी, असे मानले जाते. १६५ सेंमी. उंचीच्या व ६० किग्रॅ. वजनाच्या दोन व्यक्तींचे पृष्ठफळ सारखेच, सु. १.६६ चौ. मी. भरते. दर चौ. मी.स ४२५ मिग्रॅ. या जुन्या प्रमाणाने दोघांनाही रोज सु. ७०५ मिग्रॅ. औषध मिळेल. एकाच्या शरीरात मेद २० टक्के व दुसऱ्याच्या ३५ टक्के असेल, तर मेदरहित वस्तुमान अनुक्रमे ४८ व ३९ किग्रॅ. होते. पहिल्यास दर किलोग्रॅममागे सु. १४.७ मिग्रॅ., तर दुसऱ्यास सु. १८ मिग्रॅ. औषध पडते. कागदावर दोघांची मात्रा एकच असते.

कार्ला प्राडो, व्हिकी बाराकोस व त्यांचे सहकारी यांनी कॅनडात केलेले व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या विषयात महत्त्वाचे मानले जाते. रोगाची व्याप्ती पाहण्यासाठी रुग्णाचा सीटी स्कॅन काढलेलाच असतो. त्यातील कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील छेदावरून स्नायूंचे क्षेत्रफळ मोजता येते व त्यावरून मेदरहित वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो. बृहदांत्राच्या कर्करोगाच्या ६२ रुग्णांत मेदरहित वस्तुमानाच्या दर किलोग्रॅममागे सु. २० मिग्रॅ.पेक्षा अधिक औषध पडलेल्यांत तीव्र दुष्परिणाम अधिक दिसले. स्त्रियांना हे औषध पुरुषांपेक्षा अधिक बाधते, हे पूर्वीपासून माहीत होते; त्याचा काही उलगडा यातून झाला. स्थूल देहात दडलेला स्नायुक्षय नुसत्या डोळ्यांना दिसत नाही व वजनकाट्यालाही कळत नाही, ही या संशोधनाची खरी शिकवण होय.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या अंगाने समोर आला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. पण त्यांच्यात स्नायूंची तूट जितकी होती तितकी मेदाची नव्हती. २००४ मध्ये याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा देहभारांक २२.३ होता, युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होता. हे संशोधन मधुमेहासंबंधीचे होते, त्यामुळे त्यावरून कर्करोगाच्या औषधाची मात्रा ठरविणे घाईचे होईल. तथापि पाश्चात्त्य रुग्णांवर बेतलेले प्रमाण येथे जसेच्या तसे वापरताना शंका येण्यास ते पुरेसे आहे.

मराठवाड्यालगत बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर भूम व परांडा हे तालुके होते. या भागात आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने फार कमी आढळले. रोग विरळ असल्याने येथील रुग्णांच्या शरीरघटनाचा स्वतंत्र अभ्यास करण्याइतकी संख्या एका ठिकाणी जमणे कठीण जाते, हा त्याचा एक तोटा.

मेदरहित वस्तुमानानुसार मात्रा देण्याची रीत अद्याप रूढ झालेली नाही. दुष्परिणामांचे हे एकमेव कारणही नव्हे. ५-फ्ल्युओरोयुरॅसिलचे विघटन करणारे एंझाइम काहींच्या शरीरात जन्मतःच अपुरे असते; युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये उपचारापूर्वी त्याची तपासणी करण्याची शिफारस केली. व्यवहारात पहिल्या आवर्तनात काय होते ते पाहून पुढील मात्रा कमी केली जाते, म्हणजे पहिले आवर्तन हीच रुग्णावरील चाचणी ठरते. श्वेतकोशिकांची संख्या औषध दिल्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात सर्वांत खाली जाते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावाहून मोठ्या शहरात येऊन उपचार घेणारा रुग्ण तोवर घरी परतलेला असतो आणि ताप किंवा जुलाब सुरू झाल्यास तो प्रथम गाठतो तो गावातील डॉक्टर, ज्याच्यापाशी औषधाच्या मात्रेची नोंद असेलच असे नाही.