ताप उतरणे आणि दुखण्यातून उठणे : नागपूरच्या १९६५ च्या साथीची एक उपेक्षित बाजू

साथीच्या रोगांचा इतिहास आजवर मुख्यत्वे मृत्यूच्या नोंदींवरून लिहिला गेला आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्यप्रांत व वऱ्हाडात जी प्राणहानी केली, तिची साक्ष १९२१ ची जनगणना देते; त्या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. परंतु जी साथ फारशी मारीत नाही, माणसाला केवळ दीर्घकाळ निकामी करते, तिची साक्ष कोठे शोधावी? नागपुरात १९६५ साली आलेली चिकनगुनियाची साथ हा प्रश्न उपस्थित करते.

हा विषाणू भारतात प्रथम १९६३ साली कलकत्त्याच्या साथीत आढळला. १९६४ मध्ये मद्रास व वेलोर, १९६५ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावरील काही शहरे व नागपूर, आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी असा त्याचा प्रवास झाला. पुढे सुमारे तीन दशके तो जवळजवळ दिसेनासा झाला व २००५-०६ मध्ये पुन्हा देशभर पसरला. त्यातील ताप बहुधा आठवड्याच्या आत उतरतो. सांधेदुखी व थकवा मात्र काहींच्या अंगी महिनोन्‌महिने राहतात. विशिष्ट औषध त्या काळी नव्हते, आजही नाही. त्यामुळे बहुतेक रुग्णांची शुश्रूषा घरातच होते, आणि घर काही नोंदवही ठेवीत नाही.

या रेंगाळणाऱ्या दुखण्याचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. १८२४ च्या सुमारास भारतात आलेल्या सांधेदुखीच्या तापाला पुढे ‘डेंग्यू’ म्हटले गेले. डोनाल्ड केरी यांनी १९७१ साली असे प्रतिपादन केले की, त्या वर्णनांतील दीर्घकाळ टिकणारी सांधेदुखी पाहता तो रोग चिकनगुनिया असावा. म्हणजे रोगाची ओळख तापावरून नव्हे, तर तापामागून जे उरले त्यावरून पटली. ‘चिकनगुनिया’ हे नावही हेच सांगते. १९५२-५३ मध्ये टांगानिकात साथ आली, तेव्हा तेथील माकोंदे भाषेतून ते घेतले गेले. अंग वाकवून टाकणारा, असा त्याचा आशय आहे. आपल्याकडे २००६ मध्ये अनेकांनी त्याचा संबंध कोंबडीशी जोडला, तो केवळ ध्वनिसाम्यामुळे.

मराठीने या अवस्थेची नोंद आपल्या परीने केलेली आहे. आपण ताप ‘उतरला’ म्हणतो, दुखण्याला ‘उतार पडला’ म्हणतो. पण रोगी बरा झाला हे सांगताना तो दुखण्यातून ‘उठला’ असे म्हणतो. ही दोन क्रियापदे एकाच घटनेची नव्हेत. त्यांच्यामधील काळासाठी ‘कसर’ हा शब्द आहे. मुळात तो अरबी. तेथे त्याचा अर्थ मोडणे, अपूर्णांक असा होतो. मराठीत तो तूट दाखवतो, तसाच अंगात मुरलेला बारीक तापही. विश्रांती न घेता कामावर जाणाऱ्याने दुखणे ‘अंगावर काढले’ असे आपण म्हणतो. या प्रयोगात रोगाइतकेच रोग्याच्या आर्थिक परिस्थितीचेही वर्णन आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याला अंथरूण धरणे परवडत नाही, आणि घरातील स्त्रीला तर तेवढी मोकळीकही क्वचितच मिळते.

कोविड-१९ नंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या ऑक्टोबरात अशा उत्तरकालीन अवस्थेची व्याख्या केली. तीत थकव्याला प्रमुख स्थान आहे. अवस्था नवी नाही. तिला अधिकृत दप्तरात मिळालेले स्थान नवे आहे.

१९६५ ची साथ ज्यांनी जाणत्या वयात भोगली, ते आज वयोवृद्ध आहेत. त्यांना ‘ताप किती दिवस होता?’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘कामाला केव्हा लागलात, आणि मधल्या काळात घर कोणी चालवले?’ हेही विचारावे लागेल. त्या उत्तरांची गिरण्यांच्या व कार्यालयांच्या हजेरीपटांशी, ते उपलब्ध होतील तेथे, तुलना करावी. नागपूरच्या साथीचा जो भाग मृत्यूच्या नोंदीत सापडणार नाही, तो या मार्गाने हाती लागण्याचा संभव आहे. मात्र त्यासाठी फार काळ थांबून चालणार नाही.